चिंता, शोक आणि योगोपचार : हिंगोली जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

चिंता आणि शोक या दोन मनोवस्थांवर योग हा उपाय म्हणून सर्रास सुचविला जातो. मात्र या दोन अवस्थांचे स्वरूप भिन्न असल्याने योगाकडून ठेवावयाची अपेक्षाही भिन्न असावी लागते, ही बाब सहसा लक्षात घेतली जात नाही. प्रस्तुत लेखात योगशास्त्रातील आधार, महाराष्ट्रातील योगोपचाराची परंपरा, उपलब्ध संशोधन आणि हिंगोली जिल्ह्यातील सामाजिक वास्तव यांचा एकत्रित विचार करून योगोपचाराची उपयुक्तता व मर्यादा स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजशब्द : चिंता, शोक, योगोपचार, प्राणायाम, समुपदेशन, हिंगोली जिल्हा.

१. प्रस्तावना

परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत या पाच तालुक्यांच्या या जिल्ह्याचे जीवन मुख्यतः शेतीवर अवलंबून आहे. सोयाबीन, कापूस, हळद या पिकांचे गणित पाऊस, बाजारभाव आणि कर्ज या तीन गोष्टींभोवती फिरते. यांपैकी एकही गोष्ट शेतकऱ्याच्या हाती नसते. त्यामुळे चिंता ही येथील अनेक कुटुंबांत प्रसंगापुरती न राहता बारमाही झालेली आहे. शेतकरी आत्महत्येची घटना घडलेल्या घरात या चिंतेला शोकाची जोड मिळते.

महाविद्यालयीन प्राध्यापकाचा या वास्तवाशी दररोज संबंध येतो. वडिलांच्या मृत्यूनंतर वर्गात येणे बंद झालेला विद्यार्थी, परीक्षेच्या आदल्या रात्री छातीत धडधड होऊन दवाखान्यात दाखल झालेली विद्यार्थिनी ही उदाहरणे कोणत्याही महाविद्यालयास अपरिचित नाहीत. अशा वेळी ‘योग करा, मन शांत होईल’ असा सल्ला सहजपणे दिला जातो. हा सल्ला कितपत खरा आहे, कोणासाठी खरा आहे आणि कोणत्या अटींवर खरा आहे, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२. चिंता आणि शोक : संकल्पनात्मक भेद

चिंता ही भविष्याकडे तोंड करून उभी असते, तर शोक भूतकाळाकडे पाहत असतो. जे अद्याप घडलेले नाही, त्याच्या कल्पनेने शरीर आधीच सावध होते. नाडी वाढते, श्वास उथळ होतो, स्नायू आवळले जातात, झोप उडते. संकट टळले अथवा ते टळण्याची खात्री पटली, तर चिंता ओसरू शकते. शोकाचे तसे नाही. जे गेले ते परत येणार नसते आणि शोक करणारी व्यक्ती ते जाणत असते. म्हणून चिंताग्रस्तास ‘काही होणार नाही’ असे सांगता येते. शोकग्रस्तास सांगण्यासारखे असे कोणतेही वाक्य नसते.

शोक हा मूलतः आजार नाही. फ्रॉइडने १९१७ मध्ये शोक आणि विषण्णता यांतील भेद मांडताना शोकास आजार मानण्याचे टाळले होते. स्ट्रोब आणि शुट यांनी १९९९ मध्ये मांडलेल्या द्विप्रक्रिया प्रतिमानानुसार शोकाकुल व्यक्ती दोन दिशांना आळीपाळीने झुकत असते. कधी ती गमावलेल्या माणसाच्या आठवणीत बुडते, तर कधी उरलेल्या आयुष्याची घडी बसविण्यास लागते. हे हेलकावे स्वाभाविक व आवश्यक असतात. मात्र काही व्यक्तींमध्ये शोक दीर्घकाळ तीव्र राहतो आणि दैनंदिन जीवन ठप्प होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत अशा अवस्थेची ‘प्रदीर्घ शोकविकार’ म्हणून नोंद असून त्यासाठी किमान सहा महिन्यांचा कालावधी गृहीत धरला आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०२२ च्या सुधारित वर्गीकरणात प्रौढांसाठी हीच मर्यादा बारा महिन्यांची आहे.

या भेदाचा व्यावहारिक अर्थ असा की, चिंतेबाबत ती कमी करणे हे उपचाराचे उद्दिष्ट असू शकते. शोकाबाबत मात्र शोक पेलण्याची शक्ती वाढविणे एवढेच उद्दिष्ट योग्य ठरते.

३. योगशास्त्रातील आधार

पतंजलींच्या योगसूत्रांतील पहिल्या पादात चित्ताचा विक्षेप करणाऱ्या नऊ अंतरायांची गणना आहे. त्यानंतरच्याच सूत्रात या विक्षेपांबरोबर येणाऱ्या चार गोष्टी सांगितल्या आहेत. दुःख, मनाची खिन्नता, अंगाचा कंप आणि श्वासाची विस्कळीत गती या त्या चार होत. यांपैकी पहिल्या दोन मनाच्या आणि उरलेल्या दोन शरीराच्या आहेत. मन थेट हाती लागत नाही. अंग आणि श्वास मात्र हाती लागतात. योगोपचाराची संपूर्ण पद्धती या एका निरीक्षणावर उभी आहे, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. याच पादात पुढे चित्तप्रसादाचे उपाय सांगताना मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा या भावना प्रथम येतात आणि त्यानंतर श्वास सोडून तो नियंत्रित करण्याचा पर्याय येतो. इतरांशी असलेल्या संबंधांचा विचार श्वासाच्याही आधी केलेला आहे, हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे.

दुसऱ्या पादातील आणखी एक सूत्र प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. जे दुःख अद्याप आलेले नाही ते टाळण्याजोगे आहे, असा त्याचा आशय आहे. टाळावयाचे ते भावी दुःख, घडून गेलेले नव्हे. चिंता व शोक यांतील जो भेद वर मांडला, त्यास या सूत्राने शास्त्रीय आधार मिळतो.

भगवद्गीतेचा पहिला अध्याय विषादाचा आहे. स्वजनांच्या संभाव्य मृत्यूच्या कल्पनेने अर्जुनाचे तोंड कोरडे पडते, अंग थरथरते, त्वचेचा दाह होतो आणि हातातून धनुष्य गळते. ही लक्षणे आजच्या कोणत्याही चिकित्सकास परिचित वाटतील. येथे विशेष हे की, अर्जुनास केवळ श्वासाचा अभ्यास देऊन सोडून दिलेले नाही. पुढील सतरा अध्याय हा संवाद आहे. प्रश्न विचारण्याची, शंका घेण्याची, पुन्हा पुन्हा तेच म्हणण्याची मुभा त्यात आहे. योग आणि संवाद एकमेकांपासून तोडता येत नाहीत, हा त्यातून घ्यावयाचा बोध होय.

४. संत नामदेव : शोकाचा स्थानिक वारसा

हिंगोली जिल्ह्यातील नर्सी हे संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून परंपरेने ओळखले जाते. औंढा नागनाथ येथे विसोबा खेचर यांच्याशी त्यांची भेट झाली, अशीही परंपरा आहे. १२९६ मध्ये ज्ञानेश्वरांनी आळंदी येथे समाधी घेतली. या प्रसंगावरील अभंगमाला नामदेवांच्या नावे प्रसिद्ध असून मराठी साहित्यातील शोकाचे ते एक महत्त्वाचे दर्शन आहे. त्यात दुःख लपविलेले नाही. संतमंडळींच्या समूहात ते मोठ्याने बोलून दाखविलेले आहे. पुढे नामदेवांनी उत्तरेची वाट धरली आणि पंजाबातील घुमान येथे प्रदीर्घ काळ भक्तिकार्य केले.

ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात योगमार्गाचे विस्तृत निरूपण केले आहे. योगमार्गाच्या अशा अधिकारी पुरुषाच्या वियोगाचा शोकही त्याच्या सहवासातील संतांनी दाबून ठेवला नाही. योगाचा अर्थ अश्रू आवरणे असा करणाऱ्यांनी ही बाब ध्यानात घ्यावी. दुःख समूहात व्यक्त करणे आणि त्यानंतर कार्याकडे वळणे, हा क्रम आपल्या परिसराच्या स्मृतीतच आहे.

५. महाराष्ट्रातील योगोपचाराची परंपरा

आधुनिक योगोपचाराचा पाया घालण्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. श्री योगेंद्र यांनी १९१८ मध्ये मुंबईत ‘द योग इन्स्टिट्यूट’ची स्थापना केली. स्वामी कुवलयानंद (१८८३–१९६६) यांनी १९२४ मध्ये लोणावळा येथे कैवल्यधाम ही संस्था स्थापन करून ‘योगमीमांसा’ हे संशोधनपर नियतकालिक सुरू केले. उड्डियान, नौली यांसारख्या क्रियांचा क्ष-किरणांच्या साहाय्याने अभ्यास करून योगाचे परिणाम प्रयोगशाळेत तपासता येतात, हे त्यांनी दाखवून दिले.

स्वामी कुवलयानंद आणि डॉ. एस. एल. विनेकर यांचा योगोपचारावरील ग्रंथ १९६३ मध्ये केंद्र शासनाच्या आरोग्य मंत्रालयाने प्रसिद्ध केला. त्यात उपचाराची तीन अंगे सांगितली आहेत : योग्य मानसिक वृत्तींची जोपासना, शरीरातील चेता-स्नायू व ग्रंथी यांच्या व्यवस्थेची पुनर्घडण आणि योग्य आहारासह उत्सर्जनाच्या नैसर्गिक क्रियांची काळजी. आसन-प्राणायाम हा या त्रयीचा केवळ एक भाग आहे. आज योगवर्गांतून बहुधा तेवढाच भाग उचलला जातो आणि उरलेल्या दोहोंचा विसर पडतो.

पुण्यातील बी. के. एस. अय्यंगार (१९१८–२०१४) यांनी लोड, पट्टे, खुर्ची, ब्लँकेट अशा साधनांचा आधार देऊन अशक्त व आजारी व्यक्तींनाही आसन साध्य करून दिले. त्यांच्या पत्नी रमामणी यांचे १९७३ मध्ये निधन झाले आणि १९७५ मध्ये सुरू झालेल्या संस्थेस त्यांचेच नाव देण्यात आले. गेलेल्या व्यक्तीशी असलेले नाते कार्यरूपाने पुढे नेता येते, याचे हे एक उदाहरण होय.

६. संशोधनाची साक्ष

योगाचा परिणाम कसा होतो, याविषयीचे सर्वसाधारण स्पष्टीकरण असे आहे. स्वायत्त मज्जासंस्थेचे अनुकंपी व परानुकंपी असे दोन विभाग आहेत. धोक्याच्या वेळी पहिला, तर विश्रांतीच्या वेळी दुसरा अधिक कार्यरत असतो. श्वास ही अशी क्रिया आहे की जी आपोआपही चालते आणि इच्छेनेही बदलता येते. मिनिटाला सुमारे सहा श्वास या गतीने, उच्छ्वास लांबवीत श्वसन केल्यास व्हेगस चेतेमार्फत हृदयगतीवर शांतकारक परिणाम होतो. मनाला थेट आज्ञा देता येत नसली तरी श्वासाच्या वाटेने शरीरास ‘धोका टळला आहे’ असा निरोप देता येतो.

चिंतेबाबतचे संशोधन आश्वासक परंतु संयत आहे. अमेरिकेत सामान्यीकृत चिंताविकाराच्या २२६ रुग्णांवर झालेल्या बारा आठवड्यांच्या यादृच्छिक अभ्यासात (प्रसिद्धी २०२०) योगगटातील ५४.२ टक्के रुग्णांना लक्षणीय लाभ झाला. ताणविषयक केवळ माहिती मिळालेल्या गटात हे प्रमाण ३३ टक्के होते. संज्ञानात्मक वर्तनोपचाराच्या गटात मात्र ते ७०.८ टक्के होते. अर्थात योग उपयुक्त ठरला, परंतु प्रस्थापित मानसोपचाराची बरोबरी करू शकला नाही. सहा महिन्यांनंतर तर माहितीगटाच्या तुलनेत त्याचे श्रेष्ठत्वही सिद्ध झाले नाही.

विषादाबाबत बंगळूरच्या निम्हान्स संस्थेतील २००० मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास उल्लेखनीय आहे. तीव्र विषादाच्या ४५ रुग्णांचे तीन गट करण्यात आले. विद्युत्-आघात उपचार, इमिप्रामिन हे औषध आणि सुदर्शन क्रिया यांमुळे लक्षणमुक्त झालेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ९३, ७३ व ६७ टक्के आढळले. प्रत्येक गटात अवघे १५ रुग्ण होते, हे लक्षात ठेवूनच या आकड्यांकडे पाहावयास हवे.

आपत्तीनंतरच्या मनःस्थितीबाबत २०१० मध्ये प्रसिद्ध झालेले दोन अभ्यास आपल्या विषयाच्या अधिक जवळचे आहेत. २००८ च्या बिहारमधील पुरातून वाचलेल्या २२ व्यक्तींवरील अभ्यासात एक आठवडा दररोज योग केलेल्यांमधील खिन्नता कमी झाली, तर योग न केलेल्या गटातील चिंता उलट वाढली. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूतील छावण्यांमधील १८३ व्यक्तींच्या अभ्यासातही श्वसनाधारित योगामुळे आघातोत्तर ताण व विषाद घटल्याचे दिसले. मात्र तेथे गटांची विभागणी छावणीनिहाय होती, यादृच्छिक नव्हती. प्रियजनांच्या मृत्यूनंतरच्या शोकावर योगाचा थेट परिणाम तपासणारे अभ्यास संख्येने कमी व आकाराने लहान आहेत. म्हणून योगाने शोक नाहीसा होतो, असे विधान करण्यास आज आधार नाही. शोकाबरोबर येणारी निद्रानाश, धडधड, अंगदुखी, अस्वस्थता ही लक्षणे सुसह्य होऊ शकतात, एवढे मात्र म्हणता येते.

७. हिंगोली जिल्ह्याचे वास्तव

आत्महत्येने झालेल्या मृत्यूचा शोक इतर शोकाहून वेगळा असतो. ‘मी आधी ओळखायला हवे होते’ ही अपराधाची टोचणी आणि ‘लोक काय म्हणतील’ ही लाज, या दोहोंचे ओझे कुटुंबावर येते. त्यातच शासकीय चौकशी सुरू होते. मृत व्यक्तीच्या नावे जमीन होती काय, कर्ज थकीत होते काय, याची कागदपत्रे गोळा करावी लागतात आणि जिल्हास्तरीय समिती प्रकरण पात्र अथवा अपात्र ठरविते. ज्या पत्नीने नवरा गमावला, तिलाच कार्यालयाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. तिचा शोक व तिची चिंता येथे एकमेकांत मिसळून जातात. सावकाराचे देणे, मुलीचे शिक्षण, पुढच्या पेरणीचे बियाणे हे प्रश्न प्राणायामाने सुटणारे नाहीत. ते सुटावेत यासाठी कर्जमुक्ती, पीकविमा, निवृत्तिवेतन, रोजगार यांचीच आवश्यकता आहे. योगोपचाराची भाषा या मागण्यांस पर्याय म्हणून वापरली गेल्यास ती अन्यायकारक ठरेल.

शरीरश्रमाचाही प्रश्न आहे. दिवसभर वाकून खुरपणी करणाऱ्या अथवा हळद शिजविण्याच्या हंगामात उन्हात राबणाऱ्या स्त्रीस सूर्यनमस्कार हे आणखी एक कष्टाचे काम वाटणे स्वाभाविक आहे. शहरी बैठ्या जीवनासाठी आखलेला अभ्यासक्रम तिच्यासाठी जसाच्या तसा लागू करता येत नाही. तिला आधी जमिनीवर पाठ टेकण्याची निवांत पंधरा मिनिटे हवी असतात. आणि ती मिळण्यासाठी घरातील इतरांनी काम वाटून घ्यावे लागते.

८. उपचाराचे स्वरूप आणि पथ्ये

वरील विवेचनाच्या आधारे ग्रामीण परिस्थितीस अनुरूप असा सुमारे चाळीस मिनिटांचा क्रम सुचविता येईल. प्रारंभी मकरासन अथवा शवासनात दहा मिनिटे विश्रांती घ्यावी. नंतर ताडासन, पवनमुक्तासन, भुजंगासन आणि भिंतीच्या आधाराने विपरीतकरणी ही सौम्य आसने दमछाक न होऊ देता करावीत. त्यानंतर कुंभक न करता अनुलोम-विलोम आणि भ्रामरी दहा मिनिटे करावी. शेवटची दहा मिनिटे मोकळी ठेवावीत. ज्यास बोलावयाचे असेल त्याने बोलावे, ज्यास गप्प बसावयाचे असेल त्याने गप्प बसावे. ही शेवटची दहा मिनिटे वेळेअभावी कधीही कापू नयेत.

काही पथ्ये अनिवार्य आहेत. भीतीचे झटके येणाऱ्या व्यक्तीस कपालभाती, भस्त्रिका यांसारख्या जलद श्वसनक्रिया देऊ नयेत, कारण त्यांमुळे धडधड वाढून झटक्यासारखाच अनुभव येऊ शकतो. आघाताचा अनुभव घेतलेल्या व्यक्तीस डोळे मिटण्याची सक्ती करू नये. शवासनात अचानक रडू आल्यास त्यास अडथळा मानू नये. उच्च रक्तदाब, हृदयविकार, गर्भावस्था असल्यास वैद्यकीय सल्ला घ्यावा. मानसोपचाराची चालू औषधे योगाच्या भरवशावर बंद करू नयेत. आत्महत्येचे विचार, सततची निद्रा वा आहारहानी, भास-भ्रम, वाढते व्यसन यांपैकी काहीही आढळल्यास योगवर्गाची वाट न पाहता डॉक्टरांकडे न्यावे.

यासाठीच्या व्यवस्था अपुऱ्या असल्या तरी उपलब्ध आहेत. शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी राज्य शासनाने २०१५ मध्ये मराठवाडा व विदर्भातील चौदा जिल्ह्यांत ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू केला. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र शासनाने ‘टेली-मानस’ ही सेवा सुरू केली असून १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य समुपदेशन मिळते. २०२४ मध्ये हिंगोली येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले आहे. योगशिक्षकास या व्यवस्थांची माहिती असणे, हे आसनांच्या माहितीइतकेच महत्त्वाचे आहे.

९. महाविद्यालयाची भूमिका

२०१५ पासून २१ जून हा आंतरराष्ट्रीय योग दिन म्हणून महाविद्यालयांत साजरा होतो. सामूहिक प्रात्यक्षिकाचे स्वतःचे महत्त्व आहेच. परंतु एका सकाळचे प्रात्यक्षिक म्हणजे उपचार नव्हे. उपचारास सातत्य लागते, लहान गट लागतो आणि समोरच्या व्यक्तीची माहिती लागते.

महाविद्यालयांना यासाठी नवी यंत्रणा उभारण्याची गरज नाही. विद्यार्थी-पालक योजनेतील शिक्षकाने आपल्या गटातील विद्यार्थ्याच्या घरी मृत्यू घडल्यास तेराव्यानंतर नव्हे, तर त्यानंतरच्या तिसऱ्या-चौथ्या महिन्यात आवर्जून विचारपूस करावी. तोवर भेटावयास येणाऱ्यांची वर्दळ थांबलेली असते आणि खरे एकटेपण सुरू झालेले असते. शारीरिक शिक्षण विभाग व मानसशास्त्र विभाग यांनी मिळून आठवड्यातून दोन दिवस लहान गटाचे वर्ग घ्यावेत. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात दत्तक गावातील बचत गटांच्या महिलांसाठी, महिला प्रशिक्षकाच्या मार्गदर्शनाखाली, त्यांच्या सोयीच्या वेळी असे वर्ग सुरू करता येतील. शिबिर संपल्यानंतरही ते चालू राहतील, अशी स्थानिक व्यक्ती तयार करणे अगत्याचे आहे.

१०. निष्कर्ष

चिंतेबाबत योगोपचार हा उपयुक्त पूरक उपाय आहे, मात्र प्रस्थापित मानसोपचारास तो पर्याय ठरत नाही. शोकाबाबत योगाचे कार्य अधिक मर्यादित आणि अधिक नाजूक आहे. तो शोक पुसत नाही. श्वास, झोप आणि शरीर यांची घडी पुन्हा बसवून तो शोकाकुल व्यक्तीस आपले दुःख पेलण्याइतके आणि बोलण्याइतके बळ देऊ शकतो. हे बळ संवादाशिवाय, सोबतीशिवाय आणि आर्थिक आधाराशिवाय टिकत नाही. पतंजलींनी श्वासाच्या आधी मैत्री व करुणेचा निर्देश केला. नामदेवांच्या परंपरेने शोक समूहात मांडला. स्वामी कुवलयानंदांनी अनुभवास प्रयोगाची कसोटी लावली. या तिन्हींचा मेळ घालूनच हिंगोलीसारख्या जिल्ह्यात योगोपचाराची उभारणी व्हावयास हवी. शोकग्रस्त विद्यार्थ्यास ‘योग कर’ असे सांगून पुढे जाण्याऐवजी त्याच्या शेजारी सतरंजी टाकून बसणारा शिक्षक लाभल्यास त्या उभारणीचा प्रारंभ झाला, असे म्हणता येईल.